भोंग्याचा कोट

सोमवार, २ तारीख

पिठाचा व्यापारी दर वर्षी एक डायरी भेट देतो आणि दर वर्षी आई तिची पानं फाडून कपाटाच्या फळ्यांवर अंथरते. यंदा मी ती आधीच उचलून ठेवली. बेकरीवाल्याला डायरी कशाला, तर बोलायला. मी मुळात कमी बोलतो, आणि जे काही बोलायचो ते एकाच माणसाशी. तो माणूस आता फोन उचलत नाही.

तो म्हणजे माझा जुळा भाऊ. माझ्याहून काही मिनिटांनी मोठा, आणि त्या काही मिनिटांचा रुबाब त्याने जन्मभर केला. त्याला सगळे भोंगा म्हणतात आणि मला घुम्या. नावं आईनेच ठेवलेली, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. भोंगा बोटीवर इंजिनिअर आहे. दोन वर्षांत घरी आलेला नाही. पूर्वी फोन करायचा तेव्हा मी भट्टीपाशी उभा असायचो आणि त्याचं बोलणं काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जायचं. गेल्या उन्हाळ्यापासून फोन बंद, नुसते मेसेज. 'इंजिनचा आवाज फार.' 'नंतर करतो.' इंजिन काय आधी नव्हतं?

आज दुपारी त्याचा मेसेज आला. 'लग्न करतोय. सत्तावीस तारखेला, आपल्या गावात, नोंदणी कचेरीत. मी दोन दिवस आधी पोचेन. सूट तू शिवून घे. माप तुझंच दे.'

आई आधी रडली, मग हसली, मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "माप तुझं? मग नवरा मुलगा कोटात पोहत जाणार वाटतं कचेरीत."

मला राग आला नाही. खरं लिहायचं तर मला आनंदच झाला. भोंगा आपल्या हातून सुटत चाललाय, असं मला वर्षभर वाटतंय. आणि या वर्षात त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. कोट असा झाला पाहिजे की तो घातल्याघातल्या त्याला कळावं, हे काम घुम्याशिवाय कोणाला जमलं नसतं.

गुरुवार, ५ तारीख

होणारी वहिनी आली. तयारीसाठी मैत्रिणीकडे उतरली आहे. ती आपल्याला आवडायची नाही, असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. भावाला घरापासून तोडणारं कोणीतरी असणारच, आणि ते आता समोर येणार, असा माझा अंदाज. तर ती दुकानात आली, निमूट रांगेत उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर म्हणाली, "एक मोठा पाव द्या, आणि एक दीर."

सगळं दुकान हसलं. मी पाव कागदात गुंडाळून दिला आणि पैसेही घेतले. त्यावरून आई संध्याकाळभर मला सोलून काढत होती.

ती इस्पितळात काम करते, लोकांना बोलायला शिकवते.

"लहान मुलांना?" मी विचारलं.

"मोठ्यांनाही. कधीकधी मोठ्यांनाच जास्त."

"मग भोंग्याला उलटी शिकवणी लावा. गप्प बसायची."

मी वर्षातून एखादा विनोद करतो. ती हसली, पण जरा उशिरा, आणि मग आईकडे पाणी मागितलं. माझे विनोद असेच पडतात.

"तुमची गाठ पडली कुठे?" आईने विचारलं.

"बोट बंदराला लागली होती, तेव्हा."

"बरेच दिवस लागलेली दिसते बोट," आई म्हणाली.

"हो. बरेच," वहिनी म्हणाली. तिची एक सवय आहे. समोरचा बोलत असताना ती त्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघते. मला उगीच तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटत राहिलं.

शनिवार, ७ तारीख

कापड घेतलं. दुकानदाराने आधी माझे हात बघितले आणि मग मागच्या नळाकडे बोट दाखवलं. पीठ माझ्या नखांत कायमचं मुक्कामाला आहे. हात धुऊन आलो तरी काळ्या कापडावर माझी पाचही बोटं उमटली. त्याने ती ब्रशने झटकली आणि मला कापडापासून दूर, खुर्चीवर बसवलं.

आईला मोतिया रंग हवा होता. "उजळ दिसेल पोरगं." मला काळा. वहिनीने एकेक तागा उलगडून माझ्या खांद्यावर टाकला, मागे सरकून, डोळे बारीक करून बघितला. काळ्याला म्हणाली, "यात चेहरा ओढलेला दिसेल."

"माझा?" मी म्हणालो. हा चेहरा म्हणजे फुगून वर आलेला बन आहे. यात ओढायचं काय?

"तुमचा नाही, भाऊजी. कोट त्याचा आहे ना."

शेवटी निळसर राखाडी ठरला. छान आहे कापड, हे मान्य करायला हवं. हलकं, पण पडतं झकास. मात्र घेण्याआधी वहिनीने एक अजब गोष्ट केली. कापडाचं टोक तोंडाशी धरलं आणि त्यातून श्वास आत-बाहेर करून बघितला. दुकानदार म्हणाला, "बाई, कोट शिवायचाय की फुगा फुगवायचाय?"

"हवा जाते का बघते," ती म्हणाली. "याला गरम होतं."

भोंग्याला कधीच गरम होत नाही. तो इंजिनच्या खोलीत शीळ घालणारा माणूस आहे. पण नव्या माणसाचं पहिल्या आठवड्यात किती खोडून काढायचं?

मंगळवार, १० तारीख

टेलरमास्तरकडे गेलो. वहिनी त्याची मापं कागदावर लिहून घेऊन आली होती. मास्तरने तो कागद बघितलाही नाही. "कागदाला खांदे नसतात, बाई. मी माणसावर शिवतो." मास्तर मोठा कलावंत आहे असं मास्तरचं मत आहे. त्याची स्वतःची पँट घोट्याच्या वरच संपते, हा भाग वेगळा.

मला स्टुलावर उभं केलं.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. पोट सांगतंय."

सोडला. मास्तरने टेप गुंडाळली आणि तोंडातल्या टाचण्यांमधूनच एक सुस्कारा टाकला.

"कंबर चांगली चार बोटं कमी धरा," वहिनी म्हणाली. "खांदेही थोडे आत. तो बारीक झालाय."

मला ते लागलं. आमचं माप एक आहे, हे गावाला माहीत आहे. शाळेत एक गणवेश शिवायला टाकला की दोन यायचे. "बोटीवरचं जेवण," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

मग मास्तरने चित्रांचं पुस्तक उघडलं आणि खरा प्रश्न आला तो गळ्याचा. मास्तरला उघडी कॉलर हवी, पुढे रुंद पट्ट्या, आत शर्ट, टाय. मलाही तीच, फक्त टाय सोडून. वहिनी म्हणाली, "बंद गळ्याचा शिवा. कॉलर उंच. पण आत दोन बोटं सहज जातील इतकी सैल. आणि कॉलरला आतून अस्तर नको."

"उंच आणि सैल?" मास्तर म्हणाला. "त्याला कोट म्हणत नाहीत बाई, फुलदाणी म्हणतात."

मी तिला समजावून सांगितलं. भोंग्याला गळ्याशी काही म्हणजे काही सहन होत नाही. लहानपणापासून. शर्टाचं वरचं बटण त्याने कधी लावलंच नाही, त्यासाठी छड्या खाल्ल्या. बंद गळ्यात तो कोंबडीसारखा मान ताणत बसेल.

"आता होतं सहन," ती म्हणाली. एवढंच.

मी तिथेच त्याला मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. 'गळा बंदच हवा.'

रात्रंदिवस ज्याच्या उत्तराची वाट बघायची, तो याच प्रश्नाला पाणी प्यायच्या आत उत्तर देतो. आणि शब्द त्याचे नाहीत. भोंगा असता तर म्हणाला असता, गळा बंद करून मला फाशी देतोस का रे. हे कोणीतरी पढवलेलं आहे, आणि ते कोण हे सांगायला ज्योतिषी नको.

बुधवार, ११ तारीख

कालपासून लोण्याचे बन बंद. चार बोटं कमी करायची तर मीच करतो, म्हणजे माप एकच राहील. दुपारी भट्टीसमोर चक्कर आली. आईने दूध दिलं आणि सांगितलं, "नवरा मुलगा तू नाहीस, हे ध्यानात ठेव." ठेवलंय.

रविवार, १५ तारीख

पहिली ट्रायल. कोट धावदोऱ्यावर जोडलेला, एक बाही आहे, एक नाही, छातीवर खडूच्या रेघा. तरीही आरशात बघितल्यावर मी सरळ उभा राहिलो. मास्तर हरामखोर असेल, पण हात आहे त्याचा.

कॉलर नुसती टाचून ठेवली होती. वहिनी पुढे आली, "हं, भाऊजी," म्हणाली आणि कॉलर आणि माझा गळा यांच्यामध्ये तिने दोन बोटं घातली. खाली, खळीपर्यंत. मग मला म्हणाली, "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

"दोन डझन बन, एक साधा केक," मी म्हणालो. तिने मान हलवली, बोटं काढली आणि मास्तरला सांगितलं की अजून थोडी सैल हवी. मास्तरने माझ्याकडे बघून डोळे वर केले. बाहेर पडताना त्याने माझी बाही धरली आणि हळूच म्हणाला, "एवढं कापड, एवढा खांदा, आणि वर हे फुलदाणीचं तोंड. तुम्हाला बघवेल?"

मला बघवणार नव्हतंच.

मंगळवार, १७ तारीख

वहिनी आज गेली. भोंगा बोटीवरून उतरला की दोघं मिळूनच येणार. मी तिला बसपर्यंत सोडलं. बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? तो आला की लगेच बोल बोल करून मागे लागू नका. त्याला थोडा वेळ द्या."

"दमलेला असेल," मी म्हणालो.

तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. ओठ उघडले आणि मिटले. लोकांना बोलायला शिकवणारी बाई, आणि स्वतःचं हे असं. मग बस निघाली.

तिथून मी परस्पर मास्तरकडे गेलो. लिहून टाकतो, म्हणजे उद्या मन बदललं तरी कागदावर राहील. मी त्याला सांगितलं की गळा उघडा शिव. पुढे पट्ट्या, चित्रात आहे तसं, फक्त टाय नको.

"आणि बाई?"

"बाईंना मी बघतो. माझा भाऊ आहे. त्याला काय हवं ते त्याच्याआधी मला कळतं."

मास्तरने कात्री घेतली. मी समोर उभा राहून कापायला लावलं. घरी चालत येताना बरं वाटत होतं. लग्नाच्या दिवशी तो कोट घालेल, मान मोकळी फिरवून बघेल, आणि दोन वर्षांनी एकदाचा मोठ्याने हसेल. बाकी काही नको मला.

शनिवार, २१ तारीख

कोट घरी आणला. आईला घालून दाखवला. पोट आत घेऊनच, पण बटण लागलं. आई हातातलं काम टाकून बराच वेळ बघत राहिली.

"भोंगाच उभा आहे," ती म्हणाली. "नुसता आवाज तेवढा नाही."

मग तिने विचारलं, गळा बंद ठरला होता ना. मी सांगितलं काय केलं ते. मला वाटलं शाबासकी देईल. ती म्हणाली, "त्याने एक सांगितलं, हिने तेच सांगितलं, आणि तू तिसरं केलंस. उंटावरचा शहाणा."

बुधवार, २५ तारीख

आले.

टॅक्सी दारात थांबली. वहिनी उतरली आणि तिच्यामागे एक वाळका माणूस उतरला. मला वाटलं, तिच्या नात्यातलं कोणी असेल. स्वतःचा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा ओळखला नाही.

गळ्याभोवती पातळ मफलर होता. त्याने मला मिठी मारली तेव्हा बरगड्या हाताला लागल्या. मी सगळं विसरलो. "बोल ना रे!" मी म्हणालो. "बोल काहीतरी!"

त्याने वहिनीकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला. 'भूक लागलीय.'

ओट्याशेजारच्या टेबलाभोवती आम्ही बसलो आणि वहिनीने सांगितलं. सरळ सांगितलं, तिचं कामच ते. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. ती काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता गाठ नाही, तपासण्या चांगल्या आहेत. श्वास तो गळ्यातून घेतो. तिने स्वतःच्या गळ्याच्या खळीवर बोट ठेवून दाखवलं. तिथे छिद्र आहे. तो वर्षभर बोटीवर नव्हताच. तिच्या गावात होता, तिच्याच इस्पितळात, इथून एका दिवसाच्या वाटेवर. तिला त्याने शपथ घातली होती की घरी तो स्वतः सांगेल.

आणि मी त्याला लिहीत होतो की तुझी बोटीवर मजा आहे.

आई रडली नाही. उठली, त्याच्यापाशी गेली, मफलर बाजूला केला, आणि लहानपणी फुटलेला गुडघा बघायची तसं बघितलं. मफलर परत नीट गुंडाळला. "गिळताना दुखतं का?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, नाही. "मग वाढते," ती म्हणाली.

"बोलता येतं त्याला," वहिनी म्हणाली. "आत एक बारीक झडप बसवलीय, छिद्रावर बोट ठेवून बोलतो. आवाज वेगळा आहे, पण शब्द स्पष्ट. तिकडे सगळ्यांशी बोलतो. भाजीवाल्याशी भांडतोसुद्धा."

आम्ही त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. आई पोळपाटाकडे वळल्यावर त्याने फोन टेबलाखालून माझ्या हातात दिला. 'आईच्या कानात जुना आवाज आहे. तो राहू दे.'

मी वाचलं, फोन परत दिला. आणि मग मला कोट आठवला.

गुरुवार, २६ तारीख

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सकाळी आम्ही तिघं मास्तरकडे गेलो. वाटेत सांगणार होतो, तोंड उघडलं नाही. भोंग्याने मफलर काढून वहिनीकडे दिला, वरचं बटण न लावता शर्ट चढवला, कोट चढवला. खांदे बरोबर बसले, कंबर बरोबर बसली. वहिनीचा अंदाज बोटभरही चुकला नव्हता. आणि मध्ये, राखाडी पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, त्याचा गळा. छिद्र, आणि त्याच्या कडेने अजून गुलाबी असलेला व्रण. कोणी मुद्दाम चौकट करून ठेवावा तसा.

वहिनीने मास्तरकडे बघितलं. मास्तरने माझ्याकडे. "यांनी सांगितलं," तो म्हणाला. "भाऊ माझा आहे म्हणाले."

मी सगळं कबूल केलं. म्हणालो, मला वाटलं हे वहिनीचं चाललंय. मला वाटलं तू तिच्या सांगण्यावरून लिहितोस. मला वाटलं मी तुला ओळखतो. एवढं लागोपाठ मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तो आरशाकडेच बघत होता. मग त्याने टाइप केलं, 'गाढवा.' आणि त्याखाली, 'बंद होईल का?'

मास्तरने पट्ट्या उचलून बघितल्या, खाली ठेवल्या. कापलेलं कापड परत वाढत नाही. नवीन शिवायला एक दिवस पुरत नाही. शेवटी त्याने कपाटातून एक रेशमी स्कार्फ काढला, राखाडीला जुळणारा, आणि भोंग्याच्या गळ्यात सैलसर बांधला. दिसत होतं बरं. भोंग्याने मान डोलावली. मला त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना, आणि हेही पहिल्यांदाच.

तो पैसे देत असताना मी वहिनीबरोबर बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. मला शिव्या द्या, असं म्हणालो.

"कशाला?" ती म्हणाली. तिचे डोळे ओले होते, पण ती रागावलेली वाटली नाही. "बंद गळा त्याला व्रण झाकायलाच हवा होता असं नाही, भाऊजी. गळा बंद असला की तिथे बोट पोचत नाही. बोट पोचलं नाही की बोलायचा प्रश्नच येत नाही. आईंसमोर त्याला तेच हवं होतं. मी सैल कॉलर सैल कॉलर करत होते ती काही नुसत्या श्वासासाठी नाही. वाटलं, आयत्या वेळी त्याचं मन झालं तर दोन बोटांची जागा तरी असावी."

"आणि उद्या कचेरीत? तिथे वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं."

"मी विचारून ठेवलंय. नुसती सही चालते."

संध्याकाळी आईने त्याला कोट आणि स्कार्फ घालून बघितलं. छान दिसतोस म्हणाली. त्याने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन दिवस आई एकटीच बोलते आहे. दोघांचंही. 'तुला आमटी आवडली नाही वाटतं? आवडली? मग घे की.' असं. ऐकवत नाही.

शुक्रवार, २७ तारीख

लग्न झालं. आता सगळे झोपलेत आणि मला नीट लिहून ठेवायचंय.

कचेरी म्हणजे एक लांब खोली, भिंतीला लागून बाकं, एका टेबलावर शाईचे डाग. आमच्या आधीचं जोडपं उशिरा आलं म्हणून आम्हाला आधी बोलावलं. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. त्या रुमालात शिंकल्या, चष्मा लावला, आणि कागद वहिनीपुढे सरकवला. वहिनीने वाक्य वाचलं. गडद हिरव्या पोशाखात ती देखणी दिसत होती, आणि आवाज अजिबात कापला नाही.

मग बाईंनी कागद भोंग्यापुढे केला. वहिनी म्हणाली, "यांचं मी बोलले होते तुमच्याशी, हे फक्त सही..."

भोंग्याने हात वर केला. तिला थांबवलं.

मी साक्षीदार म्हणून त्याच्या शेजारी उभा होतो, त्यामुळे मला सगळं जवळून दिसलं. त्याने स्कार्फची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. मी मदतीला हात पुढे केला तर त्याने तो ढकलला. स्कार्फ काढून टेबलावर ठेवला. कोटाचा गळा उघडाच होता. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. त्याने एक श्वास घेतला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि गळ्यावर अंगठा ठेवला.

"मी, स्वखुशीने, हे लग्न करतो आहे."

आवाज खालून कुठून तरी आला. जाडाभरडा, मध्येच हवा निसटणारा. पूर्वीचा त्याचा आवाज नव्हता. माझ्यासारखाही नव्हता. आम्ही दोघं आता वेगळे आहोत, हे मला त्या क्षणी कळलं, आणि वाईट वाटण्याऐवजी मला अभिमान वाटला.

"ठीक," अधिकारी बाई म्हणाल्या. "इथे सही." जगातल्या सगळ्या नवऱ्यांचे आवाज असेच असतात, असा त्यांचा चेहरा होता. देव त्यांचं भलं करो.

भोंग्याने पेन उचललं. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "परत म्हण."

सगळे वळले. आई बाकावरून उठून उभी राहिली होती.

"आजी, एकदा म्हटलेलं पुरतं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला पुरतं," आई म्हणाली. "परत म्हण रे."

भोंग्याने पेन खाली ठेवलं. तो पूर्ण वळला, कचेरीकडे पाठ करून तिच्याकडे. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे श्वास धड जमेना. त्याने एकदा अंगठा ठेवला आणि काढला. परत ठेवला. आणि तेच वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द सुटा करून, त्याने आईला म्हणून दाखवलं.

आईने मान जरा कलती करून शेवटपर्यंत ऐकलं. मग पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली.

"शब्द न् शब्द कळला," ती म्हणाली. "आता फोन करत जा."